शुगरवाल्याच्या तक्त्यात एवढं धान्य कामून? काट्यावर मोजून विचारायलो

आडतीतला मुनीम (लातूर)

रामराम मंडळी. लई दिवस नुसतं वाचायलो होतो, आज पहिल्यांदा लिहितो. वय 51. लातूरला भुसार आडतीत 27 वर्षं मुनीमकी. दिवसभर तूर, हरभरा, सोयाबीनच्या हिशोबाच्या पट्ट्या लिहायच्या, चालणं म्हणजे गादीपासून काट्यापर्यंत. दोन वर्षांपूर्वी शुगर निघाली. मागच्या दिवाळीनंतर तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी ती एचबीएवनसी 8.9 आली. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि बाहेरच्या टेबलावरून एक झेरॉक्स हातात पडली. वर लिहिलेलं, 1800 कॅलरी.

झेरॉक्सवर काय? सकाळी चहासंगं दोन मारी. नाष्ट्याला पोहे. दुपारी दोन भाकरी, वाटीभर भात, वरण, पालेभाजी. चारला मुरमुरे. रात्री दोन पोळ्या, अर्धी वाटी भात. खाली जाड अक्षरात: तेल-तूप टाळा, शेंगदाणे बंद, अंड्यातलं पिवळं काढून टाका.

आता मुनीमाच्या हातात कागद दिला की तो बेरीज मारणारच. घरी स्वयंपाकाचा छोटा काटा आणला. आईच्या एका भाकरीला पीठ लागलं 94 ग्रॅम. पोळीला 35. पोहे, तांदूळ, मुरमुरे, बिस्किट सगळं कोरडं मोजलं. दिवसाची बेरीज 400 ग्रॅम. म्हणजे 1800 कॅलरीतल्या साडेतेराशे नुसत्या धान्याच्या. शेतकऱ्याच्या मालाला आम्ही मातीचा, ओलीचा कडता लावतो. या कागदाला कुणी कडताच लावलेला नाही.

भाच्यानं मोबाइलवर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं 2024 चं आहारविषयक पुस्तक काढून दिलं. सतरा सूचना आहेत. (हैदराबाद आम्हाला काही परकं नाही, आजोबांचे जमिनीचे कागद उर्दूतच होते.) त्यात 2000 कॅलरीच्या ताटात धान्य 250 ग्रॅम, डाळी-अंडी-मांस मिळून 85, भाज्या 400, दूध-दही 300 मिली, शेंगदाणे-तीळ धरून तेलबिया 35 ग्रॅम. धान्याचा वाटा 45 टक्क्यांच्या वर नको असंही लिहिलंय. म्हणजे सरकार 250 म्हणतंय, माझी झेरॉक्स 400 म्हणायली. सरकार शेंगदाणे खा म्हणतंय, झेरॉक्स बंद म्हणायली.

आणि एक. आमच्या बाजारात दहातले नऊ जण छातीठोक सांगतील की ज्वारीला शुगर नसते. त्याच संस्थेच्या 2017 च्या अन्नघटक तक्त्यात बघितलं. 100 ग्रॅम ज्वारीत कर्बोदकं 67-68 ग्रॅम. गव्हाच्या कणकेत 64. मी तीनदा वाचलं, चष्मा पुसून वाचलं. तंतू दोन्हीत दहा-अकराच्या घरात. तांदूळ मात्र वेगळा, कर्बोदकं 78 आणि तंतू तीनाच्या आत. म्हणजे माझी आई जी एक भाकरी ताटात टाकते, तिच्यात 63 ग्रॅम कर्बोदकं. पंधरा चमचे साखर.

मग बोट टोचायचं यंत्र घेतलं. दोन भाकरी, वरण-भात खाऊन दोन तासांनी 264. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी अर्धी भाकरी, दोन अंडी पिवळ्यासकट, मेथीची भाजी, वाटीभर दही, मूठभर शेंगदाणे: 171. आठ दिवस आलटून पालटून केलं, फरक तसाच. तेव्हापासून चार महिने झाले, भात बंद, पोहे बंद, दिवसाला एक भाकरी. वजन 83 चं 76. एचबीएवनसी 7.2. रक्तातली चरबी, ते ट्रायग्लिसराइड, 238 चं 141. फक्त एलडीएल, ते वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, 109 चं 146 झालं.

माझा प्रश्न सरळ आहे. ज्याला साखर पचत नाही त्याला सरकारी 250 ग्रॅम धान्य तरी कामून? त्यातही 165-170 ग्रॅम कर्बोदकं झालीच की. आणि त्या एलडीएलचं काय करावं? डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, मोबाइल कमी बघा.

—

औसेकर

मुनीमजी, लातूरला राहता आणि दीक्षित सरांचं नाव नाही? दोनदाच जेवायचं, कडक भूक लागेल तेव्हा, पंचावन्न मिनिटांत उरकायचं, मधी काही नाही, आणि रोज पंचेचाळीस मिनिटं चालायचं. मूळ विचार डॉ. जिचकारांचा. मी तीन वर्षं करतोय, भाकरी सोडली नाही. मोजमाप नको, काटा नको.

—

नांदेडचा पैलवान

भाकरी बिकरी सगळं सोडा राव. सकाळी कॉफीत बटर टाका, दुपारी अर्धा किलो मटण. महिन्यात सिक्स पॅक.

—

तेरणाकाठची (धाराशिव जिल्हा)

पैलवान, मटणाचा भाव माहीत आहे का, का आई आणून देते?

मुनीमदादा, तुमचा हिशोब वाचला आणि हसले. रागावू नका. त्या झेरॉक्सवरची भाकरी आणि तुमच्या आईची भाकरी एक नाही हो. मी बचत गटातर्फे आहाराच्या प्रशिक्षणाला गेले होते. तिथं ताईंनी फळ्यावर लिहिलं, एक भाकरी म्हणजे तीस-चाळीस ग्रॅम पीठ. आम्ही तेरा जणी होतो, तेरा जणी एकदम ओरडलो, ती भाकरी नव्हं, ती पुरी! आमच्याकडं एवढी बारीक भाकरी लेकराच्या खेळातली. शहरातल्या कुणीतरी चार्ट लिहिला, संख्या लिहिली, वजन लिहिलंच नाही. तुम्ही 188 ग्रॅम धरलं तिथं त्यांनी ऐंशी धरलं असणार. म्हणजे तुमच्या चारशेतले शंभर ग्रॅम तर तिथंच गेले.

तरी तुमचं म्हणणं खोटं नाही. तीनशे ग्रॅमसुद्धा बसून काम करणाऱ्या शुगरवाल्याला जास्तच.

पण मला दुसरं बोलायचंय. तुम्ही दोन अंडी, दही, दाणे खाता, छान. घरात माणसं किती? आमच्याकडं सात. सासऱ्यांना शुगर निघाली तेव्हा मीही असंच सुरू केलं. अंडं सात रुपयाला, पनीर चारशे रुपये किलो. एकट्या माणसाला घालायचं तर लेकरं ताटाकडं बघतात, सगळ्यांना घालायचं तर महिना सरत नाही. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं, गहू आणि तांदूळ. रेशनवर अंडी मिळतात का? मग गरिबाच्या ताटात धान्यच चढणार. त्या पुस्तकातले 250 ग्रॅम सुद्धा आमच्या गावात कुणी ‘कमी’ करून गाठायचे आहेत, हे लक्षात घ्या.

आणि दोन स्वयंपाक कोण करतं, तेही लिहा कधीतरी. तुमची मेथी निवडली कोणी?

मी जे बसवलं ते सांगते. भाकरी मोडायची नाही, लहान करायची. सासऱ्यांना एक, साठ ग्रॅमची. भाजी आधी वाढायची, भाकरी शेवटी. अंबाडी, घोळ, तांदुळजा, शेपू, जे बांधावर फुकट मिळतं ते टोपलंभर. जवस आणि कारळाची चटणी, चमचाभर नव्हं, चांगली वाटीच्या तळाला बसेल एवढी. हरभरे मोड आणून. सोयाबीनचं पीठ भाकरीत थोडं मिसळते, जास्त झालं की वास येतो आणि म्हातारं ताट सरकवतं. ताक दोन वेळा. चहातला गूळ बंद. तो गूळ ‘चालतो’ म्हणून चार वर्षं पीत होते.

—

परभणीचा मास्तर

मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक, डॉक्टर नाही. पण मुनीमजींच्या ‘कामून’ला एक उत्तर जुन्या काळात आहे.

1972 चा दुष्काळ मी आठवीत असताना पाहिला. अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आणि खडी फोडायच्या कामावर मिळणारी सुकडी खाल्लेली आमची पिढी. तेव्हा आहारतज्ज्ञापुढं प्रश्न एकच होता, माणसाच्या पोटात कॅलरी जाणार कशा. धान्य स्वस्त, टिकाऊ, पोत्यात भरून पाठवता येतं. तेव्हाच्या माणसाला धान्य भरपूर खा म्हणणं चूक नव्हतं, आणि तो माणूस दिवसभर खडी फोडत होता. तो कागद बदलला नाही, माणूस मात्र खडीवरून गादीवर आला.

अमेरिकेचं वेगळं. तिथं भुकेचा प्रश्न नव्हता. 1977 ला त्यांच्या सिनेटच्या समितीनं चरबी कमी करा, कर्बोदकं वाढवा असं सांगितलं, 1980 ला सरकारी सूचना आल्या, 1992 ला तो प्रसिद्ध पिरॅमिड आला. तळाशी पाव, भात, धान्य, दिवसाला सहा ते अकरा वाढी. 2011 ला पिरॅमिड गुंडाळून ताट आणलं. अंड्यातल्या कोलेस्टेरॉलची रोज 300 मिलिग्रॅमची मर्यादा 2015 च्या सूचनांतून काढून टाकली. मुनीमजी, तुमच्या झेरॉक्सवरचं ‘पिवळं काढून टाका’ तिथून आलेलं, तिथं पुसलं गेलं, इथं झेरॉक्सची झेरॉक्स चालू आहे.

ज्वारीबद्दल मात्र मला राग आला. आकडे बरोबर असतील, पण ज्वारी आणि तांदूळ एका पारड्यात टाकू नका. आमच्या कृषी विद्यापीठानं ‘परभणी शक्ती’ नावाचा वाण काढला, लोह आणि जस्त जास्त असलेला. कोरडवाहू रानात दुसरं काय येतं? मालदांडी ज्वारीचा कडबा नसेल तर जनावरं काय खातील? तुम्ही आडतवाले, तुम्हाला सोयाबीन दिसतं फक्त.

—

आडतीतला मुनीम (लातूर)

तेरणाकाठच्या ताई, पकडलं तुम्ही. भाकरीचं वजन झेरॉक्सवर नाही हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मापात चूक झाली की सगळी पट्टी चुकते, हे मला कळायला पाहिजे होतं. मेथी बायकोनं निवडली. तिला वाचून दाखवलं, ती म्हणाली, ताईंचा नंबर घ्या. (द्यायचा नाही इथं, कळतंय मला.)

मास्तर, ज्वारीशी माझं भांडण नाही. मी फक्त एवढं म्हणायलो की ‘ज्वारीला शुगर नसते’ असं म्हणून लोक चार-चार भाकरी हाणतात. माझा सख्खा मोठा भाऊ तसाच हाणायचा. त्याचा पायाचा अंगठा गेला.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, मी स्वतः घोळ घातला. शेतात कोपीत बसून भज्जी, उंडे, आंबील, वर गव्हाची खीर. भज्जीत डाळी आणि हिरवे दाणे आहेत, चालतंय म्हणून तीनदा घेतली. संध्याकाळी 241. पण येळवस सोडणार नाही, आधीच सांगतो.

—

रात्रपाळी (अंबाजोगाई)

मी एमबीबीएस, तालुक्याच्या गावी छोटा दवाखाना. रात्रीचं लिहितोय, चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

मुनीमजी, सगळ्यात आधी माझा प्रश्न. धान्य तीनचतुर्थांश कमी केलं, तेव्हा गोळी कमी केली का? कोणती आहे? ग्लिमेपिराइड असेल तर ती पोटात काय आहे हे न बघता इन्सुलिन सोडायला लावते. धान्य काढलं आणि गोळी तीच ठेवली तर शुगर खाली कोसळते. एकट्या मेटफॉर्मिननं सहसा तसं होत नाही. आणि डॅपाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीवाटे साखर काढणारी गोळी चालू असेल तर कर्बोदकं एकदम फार कमी करणं धोक्याचं. रक्तात आम्ल वाढतं, आणि यंत्रावर शुगर बरी दिसत असतानाही वाढू शकतं. मळमळ, धाप, पोटात दुखणं असं काही झालं तर घरी थांबायचं नाही.

आता सरकारी पुस्तकाबद्दल. तुमच्याकडून दोन गोष्टी सुटल्या. एक, 45 टक्के हे धान्यापुरतं आहे, सगळ्या कर्बोदकांचं नाही. डाळीत, दुधात, फळांत, भाज्यांतही कर्बोदकं असतात, ती धरली की आकडा पन्नाशीच्या पुढं जातो. दोन, ते पुस्तक निरोगी माणसासाठी आहे. मधुमेहावरचा इलाज म्हणून ते लिहिलेलं नाही. तुमच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या टेबलावरून बहुतेक त्याहून जुना तक्ता मिळाला, तो दोष पुस्तकाचा नाही.

पण तुमची शंका हवेतली नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशभरच्या इंडियाब पाहणीत 10 कोटींवर मधुमेही आणि 13 कोटींवर उंबरठ्यावरचे निघाले. त्याच पाहणीच्या आहाराच्या आकड्यांत आपल्या लोकांच्या कॅलरीतला 62 टक्के वाटा कर्बोदकांचा आहे. त्यावरूनच 2022 साली संशोधकांनी गणित मांडलं. मधुमेह माघारी न्यायचा तर कर्बोदकं 49 ते 54 टक्क्यांवर आणा, प्रथिनं 20 टक्क्यांच्या आसपास न्या. म्हणजे तज्ज्ञही धान्य कमी कराच म्हणतात, फक्त तुमच्याइतकं तोडून नाही. अमेरिकेच्या मधुमेह संघटनेनं 2019 च्या आपल्या अहवालात म्हटलंय की शुगर उतरवायला कर्बोदकं कमी करण्याच्या बाजूनं पुरावा सगळ्यात भक्कम आहे. तिथं तुम्ही जिंकलात.

दुसऱ्या टोकाचंही ऐका. 2017 ला 18 देशांतल्या 1 लाख 35 हजार लोकांचा प्युअर नावाचा अभ्यास आला, जास्त कर्बोदकं खाणाऱ्यांत मृत्यू जास्त दिसले. लो-कार्बवाल्यांनी, म्हणजे कर्बोदकं तोडा म्हणणाऱ्यांनी, डोक्यावर घेतला. पुढच्याच वर्षी दुसरा मोठा अभ्यास आला, त्यात फार जास्त आणि फार कमी, दोन्हीकडं मृत्यू जास्त. हे दोन्ही निरीक्षणाचे अभ्यास, त्यावरून कुणी कुणाच्या डोक्यात धोंडा घालू नये.

तुमचं पोट आणि शुगर यांचं नातं आपल्याकडं थोडं वेगळंही आहे. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी स्वतःचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो 2004 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, सारखाच, 22.3. अंगातली चरबी मात्र इंग्रजाची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. हाडं-स्नायू कमी, चरबी जास्त, असा आपला साचा. म्हणून पेशंटला मी धान्य कमी करा याच्याआधी प्रथिनं वाढवा आणि थोडं वजन उचला असं सांगतो. हमालांना शुगर कमी का, हे तुम्ही रोज बघताच.

एलडीएलसाठी: ताटातून धान्य काढल्यावर काय घातलं ते बघा. तूप, साय, खवा घातला असेल तर ते काढा. शेंगदाणे, जवस, करडईचं तेल ठेवा. तीन महिन्यांनी परत तपासा. 146 वर शुगरवाल्यानं ‘ट्रायग्लिसराइड उतरलं ना’ म्हणून स्वस्थ बसायचं नाही. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी लागली तर घ्या, त्यात हार नाही.

—

आडतीतला मुनीम (लातूर)

डॉक्टरसाहेब, तुम्ही नेमकं तिथंच बोट ठेवलं. ग्लिमेपिराइडच होती. वरच्या पोस्टमध्ये एक गोष्ट लिहिली नव्हती. लाज वाटली म्हणून.

फेब्रुवारीत, तुरीची आवक जोरात असताना, दुपारी चारच्या सुमारास पट्टी लिहितालिहिता हात थरथरायला लागला. अंगाला दरदरून घाम. 12,340 च्या जागी 21,340 लिहिलं, आणि मला ते बरोबर वाटायलं होतं. शेतकरी चांगला, तो म्हणाला, मुनीमजी, एवढी तूर मी आणली नाही. आमच्या हमालानं ओळखलं, त्याच्या बापाला होती शुगर. त्यानं तोंडात गुळाचा खडा कोंबला. दहा मिनिटांनी यंत्र लावलं तेव्हा 58. गुळानंतर 58, म्हणजे आधी किती असेल. त्या दिवसापासून मी संध्याकाळची गोळी आपल्या मनानं बंद केली आणि डॉक्टरांना सांगितलंच नाही. भीती, की ते म्हणतील, बघा, मोबाइलवरचं ऐकून केलं.

आणि खवा हो. भूमहून पाहुणे येतात, येताना खवा आणतात. ‘साखर नाही ना त्यात’ असं म्हणून गेल्या चार महिन्यांत किती खाल्ला त्याचा हिशोब नाही ठेवला. मुनीम असून.

—

रात्रपाळी (अंबाजोगाई)

उद्याच जाऊन सांगा. 58 ची नोंद, तारीख, वेळ, गोळी केव्हा बंद केली, सगळं एका कागदावर. यंत्रातले वाचन लिहून न्या, तोंडी नको. वाद घालायचा नाही, कागद पुढं करायचा. किडनीची क्रिएटिनिन तपासणी झाली नसेल तर तीही सांगा, प्रथिनं वाढवायच्या आधी ती बघावी लागते. मेटफॉर्मिन बरीच वर्षं असेल तर बी-12 जीवनसत्त्वाचीही तपासणी.

—

आडतीतला मुनीम (लातूर)

तीन आठवड्यांनी लिहायलो. गेलो होतो. चार पानं भरून वाचन नेलं, आडतीच्या खतावणीसारखं आखून. डॉक्टरांनी पाच मिनिटं न बोलता वाचलं. ग्लिमेपिराइड बंद, मेटफॉर्मिन तशीच, क्रिएटिनिन 0.9 आली. धान्याचं म्हणाले, दिवसाला 120 ते 150 ग्रॅमवर राहू, बघू. माझा 95 चा हट्ट होता, त्यांचा 200 चा. सौदा मधीच ठरला. झेरॉक्स बदला म्हणालो, तर हसले. बाहेरच्या टेबलावर अजून तोच गठ्ठा आहे, मी येताना एक उचलून त्यावर ‘भाकरी = किती ग्रॅम?’ असं लिहून परत ठेवून दिला.

घरी मोठं रामायण झालं ते आईचं. साठ ग्रॅमची भाकरी थापायला सांगितली तर म्हणते, असली भाकरी मी तुझ्या बापाला वाढली असती तर त्यानं तवा फेकला असता. चार दिवस थापलीच नाही. पाचव्या दिवशी तिनंच काट्यावर गोळा ठेवला, म्हणाली, 60 झाले बघ, एकसष्टवं पाहिजे तर ते मी खाते.

खवा बंद. एलडीएल अजून तपासायचं आहे.

तेरणाकाठच्या ताई, बायको विचारायली, कारळाच्या चटणीत लसूण भाजून घालायचा का कच्चा? आमची कडू लागायली.

—

तेरणाकाठची (धाराशिव जिल्हा)

कच्चा. आणि कारळं मंद आचेवर, तडतडायला लागली की लगेच उतरवा. कडू लागतेय म्हणजे करपवायलात.